टेकाडावरच्या चौदा तबकड्या

गेल्या महिन्यात माझी नात रविवारची मुरबाडला आली होती. तिच्या कॉलेजातल्या मुलामुलींनी एक खेळ काढला आहे. समजा, तुम्हाला एका निर्जन बेटावर नेऊन सोडलं आणि बरोबर सिनेमातल्या किंवा संगीत नाटकातल्या गाण्यांच्या फक्त पाच तबकड्या न्यायला परवानगी दिली, तर कुठल्या न्याल? घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून यायचं होतं. आजोबांनी चहा संपायच्या आत पाच नावं सांगितली आणि सहावीसाठी घासाघीस सुरू केली. माझ्याकडे वळल्यावर मी म्हटलं, मी चौदा नेल्या होत्या आणि तिसऱ्या महिन्यात त्यातल्या तेरा पाण्यात फेकाव्याशा वाटत होत्या. तिला वाटलं, आजी थट्टा करते. थट्टेची मला सवय आहे हे खरं, पण ही थट्टा नव्हती. असल्या खेळातलं बेट फार छान असतं. वाळू, नारळाची झाडं आणि आपण गाणी ऐकत आडवे पडलेले. त्या बेटावर आपल्याबरोबर आपला बाप असतो, त्याचा हट्ट असतो आणि बरणीतलं मीठ संपत आलेलं असतं, हे कोणी धरतच नाही.

आमचं गाव शहापूर तालुक्यात होतं. आता ते भातसा धरणाच्या पाण्याखाली आहे. पाणी कुठवर चढणार ते दाखवायला खडकांवर चुन्याची रेघ मारली होती, आणि अख्ख्या गावात आमचं एकच घर त्या रेघेच्या वर, चार हात वर होतं. खालची सगळी घरं उठली, पलीकडच्या काठावर नवी वाडी बसली. आम्हालाही तिकडे जागा मिळत होती. पण आबा, म्हणजे माझे वडील, म्हणाले, माझं घर कुठं बुडतंय? जे बुडत नाही ते सोडून मी का जाऊ? झालं. ज्या वर्षी पाणी भरलं त्या वर्षी आमच्या घराभोवती टेकाडाचा वरचा भाग तेवढा राहिला. घर, एक मोहाचं झाड, गोठा, आणि मागच्या अंगाला नाचणी-वरीचा तुकडा. उन्हाळ्यात एका बाजूने चिखलाची वाट उघडी पडायची, तेवढेच दोन-तीन महिने पायी जाता यायचं. एरवी पलीकडून येणारी होडी. आणि आई, आबा आणि मी, तिघांपैकी कोणालाही पोहता येत नव्हतं. चारी बाजूंना पाणी घेऊन बसलेला माझा बाप गळ्यापर्यंत पाण्यातही कधी उतरला नव्हता.

आबांचा खरा धंदा लाऊडस्पीकरचा. शेती आई करायची. आसपासच्या पाड्यांत लग्न म्हटलं की आबांचं मशीन, बॅटरी, पितळी तोंडाचा कर्णा आणि तबकड्यांचा पेटारा आदल्या दिवशी बैलगाडीतून निघायचा. त्या काळी डोंगरातल्या माणसांना लग्न डोळ्यांनी दिसायच्या आधी कानांनी कळायचं. सकाळी देवाचं, मग नाटकातली पदं, हळदीला सिनेमातली उडती गाणी, जेवणावळीला पुन्हा नाटक. कुठली तबकडी लागली यावरून चार मैलांवरची बाई चुलीपुढे बसून सांगायची की आता नवरदेव पारावर आला. या सगळ्यांत एक तबकडी वेगळी होती. ती पाठवणीची. एका जुन्या संगीत नाटकातलं पद होतं, भाऊ बहिणीच्या मेण्याबरोबर वेशीपर्यंत चालत येतो त्या वेळचं. साडेतीन मिनिटांचं. ते वाजलं की जो नातेवाईक काही कारणाने लग्नाला पोचला नसेल, त्याने हातातलं काम टाकून शिवेवर पळायचं आणि नवरीच्या ओटीत नारळ, खण, निदान मूठभर तांदूळ तरी घालायचे. पाठवणी ऐकली आणि शिवेवर गेलं नाही, तर ते नातं तुटलं असं धरत. 

या तबकडीचे आबांचे तीन नियम होते, आणि ते त्यांनी एकट्याने केले होते की त्यांच्याआधीच्या कोणी, मला माहीत नाही. ती रिकामी वाजवायची नाही, लग्न असेल तरच. एकदा सुई ठेवली की पद पुरं होईपर्यंत उचलायची नाही, मग मांडवाला आग लागली तरी. आणि पाठवणी वाजली की पोरीने त्या दिवशी पुन्हा बापाच्या घराचा उंबरा चढायचा नाही. एका लग्नात नवरीची चप्पल आत राहिली होती, तर आबांनी स्वतः मशीन सोडून आत जाऊन ती आणून दिली. लोक आबांना गोविंदभाऊ म्हणून मान द्यायचे तो या नियमांमुळे. नाहीतर तबकडीवर सुई काय, कोणीही ठेवील.

ही सगळी सामग्री खालच्या गावात, देवळाशेजारच्या खोलीत असायची. पाणी हळूहळू चढेल असा आबांचा हिशेब होता. ते एका दुपारी गाडीवाट गिळून देवळाच्या पायरीला लागलं. आम्ही तिघं धावत खाली गेलो. आबांनी मशीन आणि बॅटरी घेतली, आईने कर्णा डोक्यावर घेतला, आणि पेटारा मला उचलेना. आबा म्हणाले, उचलशील तेवढ्या घे. तेरा वर्षांच्या पोरीला असं म्हणणं ही चूक त्यांची की माझी, यावर पुढे आमच्या घरात बरीच भांडणं झाली. मी कव्हरं बघून घेतल्या. ज्यावर नटीचं पातळ चांगलं, ती घेतली. गायकांची नावं वाचलीच नाहीत. आबांच्या जिवापलीकडच्या, मोठमोठ्या गवयांच्या नाट्यपदांच्या तबकड्या तिथेच राहिल्या, आणि दुसऱ्या फेरीला जायला वाट उरली नाही. माईकही तिथेच राहिला. घरी येऊन मोजल्या तेव्हा चौदा भरल्या. दहा सिनेमाच्या, चार नाटकाच्या. आबांनी एकेक उलटून बघितली आणि कपाळाला हात लावला. चौदा तबकड्यांवर लग्नं होत नाहीत, तो धंदा तिथेच संपला.

पुढची तीन वर्षं टेकाडावर आमच्या कानांवर त्या तबकड्यांखेरीज दुसरं गाणं पडलं नाही. त्यांची खरी नावं मी इथे लिहीत नाही, कारण आमच्या घरात ती कोणी घेतच नव्हतं. एक हिरवी, एक ओरखड्याची, एक चिंचेची (तिच्या कव्हरवर कोणीतरी चिंच खाऊन हात पुसले होते), एक दर्याची. दर्याच्या तबकडीत नायक जहाजावरून गात जातो आणि मागे पन्नास व्हायोलिनं लाटा काढतात. आमच्या दारात पाणी, मागे पाणी, आणि हा लेकाचा पाण्यावर खूश होऊन गातोय. मला ती सर्वांत नकोशी, आणि आबा नेमकी तीच आधी लावायचे. दिवेलागणीच्या आधी एक तास हा आमचा गाण्यांचा वेळ. कर्णा मोहाच्या झाडाला बांधलेला होता, त्याचं तोंड पलीकडच्या वाडीकडे. पण घरच्यापुरतं ऐकायला आबा छोटा स्पीकर जोडायचे, बॅटरी पुरावी म्हणून. बॅटरी उतरली की ती होडीने पलीकडे जायची, तिथून शहापूरला, आणि भरून यायला आठवडा लागायचा. तो आठवडा आबा घरात कोणाशी बोलत नसत.

आईची आवड ऐकून तुम्ही हसाल. नाटकाच्या चारांतली एक तबकडी प्रत्यक्ष प्रयोगातली होती, म्हणजे पदाच्या शेवटी टाळ्या पडायच्या, वन्समोअर यायचा, आणि दुसऱ्या कडव्याच्या आधी थिएटरात कोणीतरी खोकायचं. आईला पदाशी काही देणंघेणं नव्हतं. ती भाकरी थापता थापता थांबायची आणि त्या खोकल्याची वाट बघायची. तो आला की म्हणायची, बरा नाय वाटतं अजून. मी पहिल्यांदा खूप हसले. मग एकदा आबा बाहेर गेलेले असताना ती मला म्हणाली की तिथं किती माणसं बसली असतील गो, दोनशे तरी असतील, नाय? लग्नाआधी धसईच्या बाजारात दर आठवड्याला डोक्यावर वांगी घेऊन जाणारी, चार बायकांत दिवसभर बोलणारी बाई ती. टेकाडावर तिला बोलायला मी होते, आणि मी पावसाळ्यात शाळेसाठी पलीकडे आत्याकडे राहायचे.

शाळा हे माझं बाहेर पडणं होतं. चंद्राआत्या ही आबांची थोरली बहीण, नव्या वाडीत राहायची. तिच्याकडे राहून मी दहावी झाले. परीक्षा देऊन उन्हाळ्यात चिखलाच्या वाटेने घरी आले, आणि निकाल लागेपर्यंत राहायचं म्हणून राहिले. पाणी चढलं. निकाल पांडूमामाने आणला. पांडूमामा म्हणजे आमच्या जुन्या गावातलाच, आता पलीकडून होडी चालवायचा. मीठ, रॉकेल, सुकट, बॅटरी, जगातलं सगळं आमच्याकडे त्याच्या होडीतून यायचं. मी पास झाले होते. आणखी पंधरा दिवसांनी त्याने एक पाकीट आणलं. शाळेतल्या बाईंनी माझा अर्ज आधीच भरून पाठवला होता, नर्सच्या ट्रेनिंगचा, ठाण्याला. बोलावणं आलं होतं. गणपती झाल्यावर येणाऱ्या सोमवारी हजर व्हायचं, नाही झालं तर जागा दुसऱ्या मुलीला.

आबांनी ते पत्र दोनदा वाचलं आणि घडी करून मशीनच्या झाकणाखाली ठेवलं. म्हणाले, बघू. आमच्या घरात बघू म्हणजे नाही. पांडूमामा अजून काठावरच होता. तो आपल्या स्वभावाप्रमाणे बोलून गेला की पोर हुशार आहे, तिला कशाला इथं डांबून ठेवता, तुमचं काय ते तुम्ही बसा. एवढंच. पण त्यातलं ते डांबून आबांना लागलं. ते काठावर गेले आणि म्हणाले, "पांडू, तू माझ्या पोरीला फूस लावतोस. आजपासून तुझी होडी माझ्या काठाला लागता नाय कामाची." पांडूमामाने वल्ह्याने होडी काठापासून ढकलली. मग गेला, आणि खरंच आला नाही. तोही आमच्याच गावचा, त्यालाही मान होता.

मग जे दिवस आले ते मला आजही तासातासाने आठवतात. सकाळी उठून मी टेकाडाच्या कडेने चालत निघायचे आणि नाचणीच्या तुकड्याला वळसा घालून पुन्हा दारात यायचे. भाकरी करपायला लागावी एवढ्या वेळात सगळं जग फिरून व्हायचं. पलीकडच्या काठावर माणसं मुंगीएवढी दिसायची. मी हाका मारून बघितल्या. वारा त्या उलट्या माझ्याच तोंडावर आणून टाकायचा. सुकट पहिल्या आठवड्यात संपली. मग नाचणीची भाकरी आणि कुर्डूची भाजी, कुर्डूची भाजी आणि नाचणीची भाकरी. मीठ संपत आलं तसं आईने बरणीत पाणी घालून ती खळखळून घेतली आणि ते पाणी जपून भाजीत घालायला लागली. आणि गाणी बंद. बॅटरी भरून आणायची सोय राहिली नाही, तेव्हा जी काय उरली होती ती आबांनी जपून ठेवली. कशासाठी ते त्यांनाही सांगता आलं नसतं. मला त्या तबकड्यांचा कंटाळा आला होता असं मी वर लिहिलं आहे. त्या बंद झाल्यावर कळलं की कंटाळासुद्धा काहीतरी असतो. संध्याकाळी आम्ही तिघं ओटीवर बसायचो आणि पाण्याचा चपळक चपळक आवाज ऐकायचो. आबांचा मला राग येत होता, आणि त्याहून जास्त त्यांची कीव येत होती, आणि कीव आली की बाहेर पडायचं बळ जातं. हे मी पुढे आयुष्यभर दवाखान्यात बायकांच्या बाबतीत बघितलं.

गणपती आले आणि गेले. पलीकडून ढोलाचा आवाज कधीमधी यायचा. शुक्रवार उजाडला. सोमवारला तीन दिवस राहिले होते. दुपारी आबा विळा घेऊन टेकाडाच्या मागच्या अंगाला गवत कापायला गेले. मी ओटीवर बसून होते. आई आतून हात पुसत आली, मशीनजवळ बसली आणि मला म्हणाली, कर्ण्याची वायर कुठं लावतात ते तुला माहीत हाय ना. मला माहीत होतं. मी म्हटलं, लावून काय करायचं? माईक नाही, काय सांगणार पलीकडे? ती म्हणाली, "सांगायचं कशाला? पाठवणी लाव."

पाठवणीची तबकडी त्या चौदांत होती, पण तीन वर्षांत तिच्या कव्हरवरची धूळही कोणी पुसली नव्हती. घरात बिनलग्नाची पोर असताना ती वाजवली तर ती पोर तशीच राहते, असं सगळे मानायचे, मीही मानायचे. मी तसं म्हटलं. आई म्हणाली, तशीच राहिलीस तरी चालंल, पण हितं नको राहूस. असं बोललेली ती मला माहीत नव्हती. मी हिरवी लावू का म्हणून विचारलं, दर्याची लावू का, कर्णा वाजला की पांडूमामाला कळेलच. ती म्हणाली की गाणं वाजलं तर लोक म्हणतील, गोविंदभाऊ आज खुशीत हाय, आणि आपापल्या कामाला लागतील. पाठवणी ऐकून कोणाला घरी बसता येत नाही. मी वायर जोडली. मग तिने उठून माझा हात धरला, मला उंबऱ्याबाहेर अंगणात उभं केलं, आणि सुई तिने स्वतः ठेवली. पितळी कर्ण्यातून आधी खरखर आली. बॅटरीत जीव आहे की नाही याची मला खात्री नव्हती. मग तंबोरा लागला आणि तो भाऊ गायला लागला, आणि आवाज पाण्यावरून सरळ पलीकडे गेला.

आबा पहिलं कडवं संपायच्या आत धावत आले. हातात विळा तसाच. मला वाटलं, आता मशीनच पाण्यात जाणार. ते ओटीवर चढले, हात पुढे केला, आणि सुईपासून वीतभर अंतरावर तो हात थांबला. पद चालू होतं. पाठवणीवरून सुई उचलायची नाही. माझ्या बापाने ते पद पुरं होईपर्यंत हात तसाच धरला, आणि मी अंगणातून त्यांच्या तोंडाकडे बघत होते. ते रागावलेले नव्हते. घाबरलेले होते. पद संपलं, सुई आपोआप सरकत मध्ये जाऊन खुरखुरायला लागली, तेव्हा त्यांनी ती उचलली आणि विचारलं, कोणी लावली. आई म्हणाली, "मी. आता येतील सगळे. तोंड धुवा."

दोन होड्या आल्या. पुढची पांडूमामाची. लोक अंगावर होतं ते झटकून, चांगल्या टोप्या-पातळं घालून, दाटीवाटीने बसले होते, बायकांच्या मांडीवर नारळ आणि खण. चंद्राआत्या लांबूनच रडत होती. तिच्या भाचीचं लग्न होतं आणि तिला अक्षता नाही, म्हणजे भावाने तिला जिवंतपणी मेलेली धरली, असं तिचं चाललं होतं आणि ते पाण्यावरून शब्दन् शब्द ऐकू येत होतं. पांडूमामाने होडी काठापासून पाच-सहा हातांवर थांबवली. वल्हं पाण्यात उभं रोवलं. आणि सगळ्यांदेखत वर बघून विचारलं, "गोविंदभाऊ, तुमी नको म्हणालावता. होडी लावू का नको?"

त्या होड्यांत आमचं अख्खं जुनं गाव होतं. तीन वर्षांत आबांच्या दारी इतकी माणसं आली नव्हती. आबांनी टोपी सरळ केली. मला दिसलं की त्यांचं नाक लाल झालंय. म्हणाले, "लाव."

मग जो गोंधळ झाला तो विचारू नका. मांडव कुठाय, नवरदेव कुठाय, पोरीच्या हाताला हळद का नाही. आत्या माझ्या ओटीत नारळ घालायला आली आणि माझ्या कपाळावर मुंडावळ्या नाहीत हे बघून तिथेच थांबली. तिने आईला विचारलं, "पोर दिली कुठं?" आई म्हणाली, "ठाण्याला. नर्सच्या ट्रेनिंगला. सोमवारी हजर व्हायचंय." कोणीतरी हसलं. एका म्हाताऱ्याने ही काय थट्टा म्हणून आवाज चढवला. रिकामी पाठवणी वाजवून गावाला पाण्यातून आणलं, हे काय साधं नव्हतं. सगळे आबांकडे बघायला लागले, कारण नियम त्यांचा. तेव्हा आत्याने डोळे पुसले, नारळ माझ्या ओटीत घातला आणि भावाकडे वळून म्हणाली, "वाजली ना रे पाठवणी? पुरी वाजली? मग ही पोर आता अंगणात हाय. हिला उंबऱ्याच्या आत घेता येत नाय. माझा नाय, तुझाच नियम हाय तो."

आबांनी उंबऱ्याकडे बघितलं. त्यांना नाही म्हणता आलं असतं. बाप होते ते, आणि त्या काळी बापाला सगळं म्हणता यायचं. पण मग त्या पेटाऱ्याबरोबर त्यांनी जन्मभर जे वागवलं, ते सगळं त्यांच्याच अंगणात गावासमोर मोडलं असतं. ते म्हणाले, आज दिवस मावळायच्या आत जाऊ दे. मग झाकणाखालचं पत्र काढून माझ्या हातात दिलं. माझ्या तोंडाकडे मात्र बघितलं नाही. मी पाया पडले तेव्हा डोक्यावर हात ठेवला, तो थोडा जास्तच दाबून. मी आत जाऊन कपडे घेणार कशी, हा प्रश्न मला पडला. आई आत गेली आणि माझी पत्र्याची पेटी घेऊन आली. भरलेली होती. कधी भरली, मी तिला कधीच विचारलं नाही.

(माझं लग्न झालं. तो समज तेवढा खोटा ठरला. आजोबा शेजारच्या खोलीत सहावी तबकडी ठरवताहेत.)

आबांनी लोकांना जेवल्याशिवाय जाऊ दिलं नाही. लग्न नाही तर नाही, पण पाठवणी झाली आहे, असं म्हणाले. पलीकडून आलेल्या ओट्यांतले तांदूळ एका टोपलीत ओतले गेले. कोणीतरी मिठाची पुडी आणली होती. आबा मशीनपाशी बसले, चार जुने दोस्त भोवती बसले, कोणाला काय ऐकायचंय ते विचारणं सुरू झालं, आणि बॅटरी होती तोवर त्यांनी तबकड्या लावल्या. आबांचा बोलण्याचा आवाज मोठा झाला होता. पलीकडे जाऊन राहायला काय हरकत होती, हे त्या दुपारी त्यांना कोणी विचारलं असतं तर कदाचित ते हो म्हणालेही असते. कोणी विचारलं नाही. ते शेवटपर्यंत टेकाडावरच राहिले. आईही राहिली. पुढली अकरा वर्षं, आबा जाईपर्यंत. मग मी तिला मुरबाडला माझ्या घरी आणली, आणि ती माझ्याकडे होती तेवढ्या काळात तिने त्या शुक्रवारचं नावही काढलं नाही.

दिवस मावळायच्या आत मला निघायचं होतं, म्हणून पांडूमामा पहिली होडी घेऊन निघाला. होडीत तो, आत्या आणि मी. बाकी सगळे वर जेवत होते. आई माझी पेटी घेऊन काठापर्यंत आली, तिने ती आत ठेवली, आणि गुडघाभर पाण्यात होडीची कड धरून उभी राहिली. हाताला पीठ लागलेलं होतं. मी म्हटलं, येते. ती म्हणाली, ये. पांडूमामाने वल्हं रोवलं, तरी तिने कड सोडली नाही. वरून आबांची हाक आली, माणसांना पाणी दे म्हणून. ती ऐकूनही ती तशीच उभी होती. होडीत अजून पाच माणसं सहज बसली असती. त्या गडबडीत माझ्या लक्षात आलं नाही, असं मी पुष्कळ वर्षं सगळ्यांना सांगत आले. लक्षात आलं होतं. ती चढली तर आबा तिला न्यायला येतील आणि मलाही परत घेऊन जातील, ही भीती मला वाटली. ती कड धरून माझ्या तोंडाकडे बघत होती, आणि मी खाली मान घालून पेटीची कडी नीट लावत बसले.